धुतलेली जीप

पावसाळ्यात मी गाड्या जोडते, रंगवत नाही. महाडात जून ते सप्टेंबर हवेत इतका ओलावा असतो की फवारलेला रंग प्लास्टिकवर बसता बसता दुधाळ होतो आणि मग तो पुन्हा घासून काढावा लागतो. हे मी दोन गाड्या बिघडवून शिकले. तेव्हापासून पावसाळ्यात कापणं, घासणं, चिकटवणं, आणि रंग दसऱ्याच्या आसपास.

ज्यांना हा छंद माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. खोक्यात प्लास्टिकच्या पातळ चौकटी येतात आणि गाडीचे शे-दीडशे भाग त्या चौकटींना चिकटलेले असतात. आरशापासून सायलेन्सरपर्यंत सगळं सुटं. एकेक भाग कटरने कापायचा, कापल्या जागी राहिलेला टवका पॉलिश पेपरने घासायचा आणि बारीक ब्रशने गोंद लावून जागेवर बसवायचा. खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्शाची, तळहातावर मावणारी गाडी तयार व्हायला मला दोन-तीन महिने लागतात, कारण मी औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीच्या लॅबमध्ये नोकरी करते आणि हे काम रविवारचं. अशा एकोणीस गाड्या माझ्याकडे आहेत. त्या वरच्या खोलीत काचेच्या कपाटात असतात. पुरानंतर आमच्याकडे जपायची कुठलीही वस्तू खाली ठेवत नाहीत.

बाहेरच्या कोणाला मी हे सांगत नव्हते. घरातल्यांना माहीत होतं, पण त्यांच्या लेखी ती खेळणी होती. पोलादपूरची आत्या आली की कपाटासमोर उभी राहायची.

"बाय, ह्या काय रुखवतात मांडायच्या हायत?"

"मांडू की," आई खालून म्हणायची. "तुमच्या सुनेनं लोकरीचे पोपट मांडले होते, ते चाललं."

"पोपटाला पेट्रोल लागत नाय."

"ह्यांना पण लागत नाही, वन्सं."

मी अशा वेळी कपाटाची काच पुसत राहायचे.

विसावी गाडी जीप होती. पप्पांची जीप.

पप्पा माझ्या लहानपणापासून महाड-पाचाड लाइनवर जीप चालवायचे. सीट भरल्या की सुटायचं, मग पुढच्या प्रत्येक वळणावर आणखी एक माणूस मावायचा. एकवीस सालच्या पुरात ती गल्लीत उभी होती. पाणी टपावरून गेलं. उतरल्यावर आत गुडघाभर गाळ होता, इंजिनातही. मेकॅनिकने दोन दिवस पाहिलं आणि मान हलवली. जीप भंगारात गेली, पप्पा कंपनीची बस चालवायला लागले. त्यानंतर ते जीपबद्दल बोललेले मला आठवत नाही. आम्हीही विषय काढत नव्हतो.

पुण्यात मॉडेल बनवणाऱ्यांचा एक गट आहे. फोनवरच्या त्यांच्या ग्रुपमध्ये मी दोन वर्षं होते आणि एकदाही काही लिहिलं नव्हतं. त्यांचं प्रदर्शन दसऱ्यानंतरच्या रविवारी होतं. नाव द्यायची मुदत संपायच्या दिवशी मी नाव दिलं. फॉर्मवर 'मॉडेल' या रकान्यात 'प्रवासी जीप' लिहिलं आणि फोन उलटा ठेवून दिला. घेऊन जाण्यासारखी दुसरी गाडी माझ्याकडे नव्हती. बाकीच्या एकोणीस खोक्यावरच्या चित्राबरहुकूम केलेल्या, जगात कोणीही केल्या असत्या अशा.

जीपचं किट परदेशी होतं. स्टिअरिंग डावीकडे आणि मागची बाजू आखूड. मी डॅशबोर्ड मधून कापून उलटा जोडला. मागची बॉडी फाइलच्या प्लास्टिकच्या पुठ्ठ्यातून कापली आणि समोरासमोरची दोन लांब बाकडी बसवली. ताडपत्रीचं टप टिश्यू पेपर गोंदात भिजवून केलं. दसऱ्यापर्यंत थांबायला वेळ नव्हता, म्हणून पांढरा रंग या वेळी न फवारता ब्रशनेच दिला. जीपचा आमच्याकडे एकच फोटो आहे. त्यात मी पहिलीच्या युनिफॉर्ममध्ये उभी आहे आणि माझ्या मागे डावा मडगार्ड आणि एक दिवा एवढंच दिसतं. बाकीचं सगळं आठवणीतून. पप्पांना विचारता आलं असतं, पण विचारायचं तर कशासाठी ते सांगावं लागलं असतं. नंबरप्लेट मी कोरी ठेवली.

आठवणीत जी गोष्ट सगळ्यात पक्की होती ती म्हणजे माती. पाचाडच्या रस्त्याची तांबडी माती. चाकांवर, मडगार्डखाली, मागच्या पायरीवर, आत पप्पांच्या पायाखाली, काचेवर वायपर जिथवर पोचत नाही तिथे. मॉडेल जुनं आणि वापरलेलं दिसावं म्हणून असा मळ चढवतात, त्याला वेदरिंग म्हणतात. प्रदर्शनात लोक गाडीपेक्षा तेच वाकून बघतात. मी खरी माती वापरायचं ठरवलं. रविवारी स्कूटीवरून पाचाडच्या रस्त्याला गेले आणि डोंगर कापलेल्या जागेची मूठभर माती पिशवीत घेतली. वाळवली, कुटली, जुन्या ओढणीतून दोनदा गाळली. मग थिनरमध्ये कालवून ब्रशने थरावर थर चढवले. तीन रविवार त्यात गेले. शेवटी टपापासून चाकापर्यंत जीप अशी दिसायला लागली की आत बसलो तर दात करकरतील.

त्यावर एक मॅट कोट फवारायचा राहिला होता, म्हणजे माती पक्की बसली असती. पण परतीचा पाऊस नवरात्र संपेपर्यंत हटला नाही. दसरा गुरुवारी होता. शुक्रवारी मी रजा टाकली होती. तेव्हा ऊन पडलं तर कोट, शनिवारी पॅकिंग, रविवारी पहाटेची एसटी. जीप मी वरच्या खिडकीत वर्तमानपत्रावर ठेवली होती.

दसऱ्याला सकाळी मी बाजारात झेंडू आणि आपट्याची पानं आणायला गेले. परत आले तर दारात पूजा मांडलेली. माझी स्कूटी धुऊन पुसून उभी होती, हँडलला हार. तिच्या पुढे पाटावर पप्पांचे पाने आणि स्क्रू ड्रायव्हर, आईची विळी, शिलाई मशीनची कात्री. आणि पाटाच्या मध्यभागी जीप.

जीप पांढरीशुभ्र होती. बॉनेटवर कुंकवाचं बोट, टपावर झेंडूची एक पाकळी.

"तुझी पण ठेवली गो," पप्पा म्हणाले. त्यांच्या हातात ओलं फडकं होतं. "किती मळली होती. खिडकीत उघडी ठेवतेस, रस्त्याची धूळ बसते."

"धुतली तुम्ही?"

"मग? न धुता गाडीची पूजा करतात काय? साबण नाय लावला, काळजी करू नको. नुसतं पाणी आणि तुझा जुना टूथब्रश. चाकाच्या आतलं पण काढलं बघ. चिकट होती माती."

आई आतून निरांजन घेऊन आली. माझा चेहरा पाहून तिने निरांजन पाटावर ठेवलं आणि पप्पांकडे पाहिलं. तिला माहीत होतं, तीन रविवार माझं जेवण वर आणून देत होती तीच.

"ती माती तिनं लावली होती," आई म्हणाली.

"लावली? माती?"

"मुद्दाम. पुण्याला न्यायचीय ना तिला."

पप्पांनी फडकं पिळलं, झटकलं, पुन्हा पिळलं. मला वाटलं ते सॉरी म्हणतील आणि मग मला काहीतरी म्हणावं लागेल. ते म्हणाले, "गाडीला माती कोण लावतं?"

आईने आरती केली. मी सोनं दिलं, पाया पडले. मग जीप उचलून वर गेले आणि दार लावून बसले.

दोन दिवस उरले होते. माती पिशवीत शिल्लक होती. तीन रविवारांचं काम एका दिवसात होणार नव्हतं, पण बरं दिसेल इतकं झालं असतं. ग्रुपवर कळवून नाव मागे घेणं त्याहून सोपं होतं. मी मेसेज लिहिला आणि पाठवायच्या आधी जीप पुन्हा एकदा बघावी म्हणून उजेडात धरली. पप्पांनी खरोखर नीट धुतली होती. आरसा हलला नव्हता, वायपर मोडला नव्हता. एवढ्या मोठ्या हातांनी.

ते वर आले तेव्हा मेसेज तसाच होता. दाराबाहेरून म्हणाले, "येऊ काय?" असं ते कधी विचारत नाहीत.

आत येऊन ते माझ्या खुर्चीवर बसले, चष्मा लावला आणि जीप हातात घेतली.

"मागं दोन बाकडी बघितली तेव्हाच कळलं कोणाची हाय ती," ते म्हणाले. "म्हणूनच पहिली धुतली. स्कूटी नंतर."

मी पलंगाच्या कडेला बसले.

"पण माती कशाला लावलीस? माझी गाडी कधी बघितलीस मळकी?"

"पप्पा, रोजच असायची."

"रोज?" ते खरंच आठवायला लागले. "संध्याकाळी असेल. संध्याकाळी सगळ्यांचीच असते. सकाळी धुतल्याशिवाय स्टँडला नेली नाय कधी. साडेपाचला उठून धुवायचो. पहिली सीट तू असायचीस, शाळेचे पांढरे मोजे घालून."

हे मला माहीत होतं. म्हणजे, बालदीचा आवाज आठवत होता. साडेपाचला मोरीतून दोन बालद्या बाहेर जायच्या आणि मी कूस बदलून झोपायचे. तरी इतकी वर्षं माझ्या डोळ्यांसमोर आलेली जीप तांबडीच होती.

मी पाचवीत असताना पप्पांना सांगितलं होतं की गेटपाशी गर्दी असते, मला अलीकडे पिठाच्या गिरणीजवळ सोडा. गर्दी असायची, पण कारण ते नव्हतं. बाकीच्या मुली कारमधून नाहीतर रिक्षातून यायच्या, आणि मी सीट भरायच्या जीपमधून. गाडी मळकी असते, म्हणून लाज वाटते, असं मी स्वतःला सांगितलं होतं. दहावीपर्यंत मी गिरणीपाशी उतरले. पप्पांनी कधी का म्हणून विचारलं नाही. मी दिसेनाशी होईपर्यंत ते तिथेच थांबायचे आणि मग स्टँडकडे वळायचे.

त्या दिवशी मला हे सगळं त्यांना सांगता आलं असतं. मी म्हटलं, "मग मळ कुठेच नव्हता का?"

"मळ नाय. झिजलेली होती." त्यांनी नखाने जागा दाखवली. "ही मागची पायरी. लोकांच्या पायांनी रंग गेला होता, पत्रा चमकायचा. डावीकडून जास्त, म्हाताऱ्या माणसांना तिकडचा दांडा धरायला बरा पडायचा. आणि इथं, दाराच्या वर, माझं कोपर असायचं. हे कर."

"आणि तुमच्या पायाखाली?"

"तिथं काय? मी चपला काढून चालवायचो."

हेही मी हजार वेळा पाहिलं होतं. चपला सीटखाली, अंगठे क्लचवर.

मेसेज मी पुसला. शुक्रवारी ऊन पडलं. मातीची पिशवी मी उघडली नाही. स्पंजच्या तुकड्याने मागच्या पायरीच्या डाव्या अंगाला चंदेरी रंग टेकवला, कोपराच्या जागी पेन्सिलचं शिसं बोटाने घासलं. बॉनेटवरचं कुंकू ओल्या कापसाने निघालं, पण त्याखाली फिकट गुलाबी डाग राहिला. तो काढायला पुन्हा रंग द्यावा लागला असता, वेळ नव्हता. मॅटऐवजी किंचित चमक असलेला कोट दिला, जुना पत्रा धुतल्यावर दिसतो तेवढी. शेवटी प्लास्टिकच्या सालीतून तांदळाएवढ्या दोन चपला कापल्या आणि चिमट्याने ड्रायव्हरच्या सीटखाली ठेवल्या. नंबर पप्पांनी कागदावर लिहून दिला. मला तो पाठ होता.

रविवारी पप्पा मला एसटी स्टँडवर सोडायला आले. वरंध घाट बंद होता, गाडी ताम्हिणीवरून गेली. जीपचं खोकं मी चार तास मांडीवर धरलं.

हॉलमध्ये लांब टेबलं होती. माझ्या दोन्ही बाजूंना रणगाडे होते, चिखलाने माखलेले, फार सुंदर. लोक त्यांच्यावर वाकत होते आणि माझ्या जीपवरून नजर फिरवून पुढे जात होते. दुपारी पांढऱ्या दाढीचे एक गृहस्थ थांबले, परीक्षकांपैकी होते. त्यांनी छोटी बॅटरी काढून मागची पायरी पाहिली, मग आत प्रकाश टाकला. सीटखाली बराच वेळ पाहिलं.

"काम चांगलं आहे," ते म्हणाले. "पण लाइनवरची जीप इतकी स्वच्छ? वेदरिंग राहिलं का?"

नेहमीची मी असते तर हो म्हणाले असते, राहिलं, पाऊस होता.

"नाही," मी म्हटलं. "ही सकाळी साडेसहाची आहे. वडील रोज धुवायचे. मला शाळेत सोडायचं असायचं."

"गेटपर्यंत?" त्यांनी हसत विचारलं. सहज, बोलायचं म्हणून.

"गिरणीपर्यंत," मी म्हटलं. "ती माझी चूक."

त्यांना ते कळलं नसणार. त्यांनी मान डोलावली आणि रणगाड्याकडे वळले. बक्षीस रणगाड्याला मिळालं.

संध्याकाळी एसटीतून मी घरी फोन केला. पप्पांनी पहिलं हेच विचारलं, "मळली नाय ना गो?"

"नाही, पप्पा."

"बरं. स्टँडला येतो. खोकं सांभाळ."