ज्या हाताने कागद लिहिला

आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली पहिली मी. पेणच्या कॉलेजातून बी.एस्सी. केमिस्ट्री, फर्स्ट क्लास, आणि तोही लावणीच्या दिवसांत शेतावर उतरून. त्यामुळे अंगारे, उतारे, करणी... कुणी सांगायला लागलं की मी विचारते, "रीडिंग दाखव." आजही विचारते. फक्त एका प्रसंगाचं रीडिंग माझ्याचकडे आहे आणि ते कशातच बसत नाही. म्हणून इथे लिहिते. हसायचं तर हसा.

मी रोह्याला एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत क्यूसीला, म्हणजे माल तपासणीला आहे. तीन वर्षांपूर्वी आमच्याकडे रशियाहून नवीन ड्रायर आला आणि तो बसवायला दोन माणसं. ओलेग, पन्नाशीचा, साहेब, वॉचमनलासुद्धा चॉकलेट देणारा. आणि दिमित्री, तिशीतला, त्याच्या हाताखालचा, मान खाली घालून काम करणारा. इंग्रजी दोघांचंही मोडकं. प्लँटवर ते मलाच समजायचं, म्हणून दोन महिने मी त्यांची दुभाषी.

एकदा कँटीनच्या टीव्हीवर निवडणुकीची बातमी चालू होती. दिमित्रीने विचारलं, "इथे सरकार पडतं?"

"पडतं की. आम्हीच पाडतो."

तो हसला नाही. मग तुकड्या-तुकड्याने त्याने सांगितलं. त्यांच्याकडे एकच माणूस इतकी वर्षं खुर्चीवर, की तो आला तेव्हा शाळेत जाणारी पोरं आता पोरांचे बाप झाली. दिमित्रीचा थोरला भाऊ पावेल शाळेत मास्तर होता. एक दिवस तो चौकात एकटाच पुठ्ठा धरून उभा राहिला – 'आता उतरा.' बस, दोन शब्द. कुणीतरी शेजाऱ्याने हाताने अर्ज लिहून पोलिसांत दिला, की हा मास्तर मुलांनाही भडकवतो. सहा वर्षांची शिक्षा झाली. दुसऱ्या हिवाळ्यात तुरुंगातून शवपेटी घरी आली... बंद. उघडायची परवानगी नाही.

कोर्टाच्या कागदांतल्या त्या अर्जाचा फोटो दिमित्रीच्या मोबाइलमध्ये होता. खालची सही काळी केलेली.

"ओलेगने पेटीला खांदा दिला," तो म्हणाला. "आमच्याच बिल्डिंगमध्ये राहतो. ही नोकरीही त्यानेच दिली. मला दुसरं काही नको. फक्त कोणी लिहिलं ते कळू दे."

माझं डोकं तापलं. त्याला कारण आहे. आमच्या गावात एकाच माणसाने वीस-बावीस वर्षं पंचायत दाबून ठेवली होती. माझे बाबा एकदा त्याच्याविरुद्ध उभे राहिले. महिन्याभरात सोसायटीत निनावी अर्ज गेला, की हा गोणी चोरतो. बाबांची गोदामातली हमाली गेली. अर्ज कोणी लिहिला हे बाबांना मरेपर्यंत कळलं नाही. वाटेत भेटेल त्याच्या हाताकडे बघायचे ते...

एका रविवारी मी दिमित्रीला गाव दाखवायला नेलं. खांब फाट्यावरून आत, हायवेपासून दोन किलोमीटर. आमच्या ग्रामदैवताच्या, बहिरीच्या देवळात दुपारी गाऱ्हाणी चालली होती. आमच्याकडे ज्याला तक्रार असते तो नारळ घेऊन देवापुढे उभा राहतो आणि सगळ्यांसमोर मोठ्याने बोलतो – कुणाचा बांध कोरला, कुणाची म्हैस गेली.

"काय बोलतोय तो?" दिमित्रीने विचारलं.

"कम्प्लेंट करतोय. देवाकडे."

"स्वतःचं नाव सांगून? सगळ्यांसमोर?" तो बघतच राहिला. "आमच्याकडे उलटं आहे." मग म्हणाला, "मला पण करायची."

नामाकाका गुरव मला लहानपणापासून ओळखतात. म्हणाले, "हा गोरा काय मागतो गो?"

"गाऱ्हाणं घालायचं म्हणतो, काका."

"घालू दे की. देवाला भाषा नाय लागत, पन मानसांना लागते. तूच बोल त्याच्या वतीनं. ध्यानात ठेव मात्र, बोलंल त्याचं गाऱ्हाणं."

मागून एक म्हातारी म्हणाली, "बघा गो बाय, देव आता फॉरेनच्या पन केशी घेतो!" सगळे हसले. मीही हसले.

मी दिमित्रीचं नाव सांगितलं, पावेलचं सांगितलं, पुठ्ठ्याचं, पेटीचं. दिमित्रीने फक्त नाव मागितलं होतं. पण माझ्या तोंडून पुढचं निघालं, "ज्या हाताने तो कागद लिहिला, त्या हाताने पुन्हा काही लिहू नये!"

आणि थांबले. गाऱ्हाण्याला शेवट असतो – 'कबूल झाला तर पदरात घे.' गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तो मी म्हटला नाही. विसरले नव्हते. मला वाटलं, नाटकच आहे, तर मनासारखं करावं.

नामाकाकांनी नारळ वाढवला, पण तोंड उतरलं होतं. "वाट नाय ठेवलीस त्याला?"

"त्याने ठेवली होती, काका?"

"शिकलीस ना तू?" एवढंच म्हणाले. दुपारचे अडीच वाजले होते. मी घड्याळ बघितलं कारण दिमित्रीला रोह्याची बस पकडायची होती.

सोमवारी ड्रायरचं हँडओव्हर. मीटिंग रूममध्ये मॅनेजर, मी, ते दोघे. सही करायला ओलेगने पेन उचललं आणि ते पडलं. "युवर इंडियन पेन!" म्हणून हसला. दुसरं घेतलं, तेही पडलं. डाव्या हाताने उजवा उचलून कागदावर ठेवला, तर बोटं ओल्या फडक्यासारखी पसरली. मॅनेजर डॉक्टरला फोन लावत होते. ओलेग मात्र दिमित्रीकडे बघत होता. रशियनमध्ये काहीतरी पुटपुटला. दिमित्री भिंतीसारखा पांढरा झाला आणि बाहेर गेला.

मी मागे धावले. "काय म्हणाला?"

"म्हणाला... मी एकदाच लिहिलं होतं."

कुणी त्याला काही विचारलं नव्हतं. रविवारचं दिमित्री कुणाला बोलला नव्हता, मीही नाही. पेनावरून अर्जाची आठवण त्याला कोणी करून दिली?

रोह्याला, मग मुंबईला सगळ्या तपासण्या झाल्या. मेंदू नॉर्मल, नसा नॉर्मल. मीही मनाशी म्हटलं, अपराधी मनानेही हात लुळा पडतो कधी कधी, वाचलंय मी. तेवढ्यावर समाधान झालंही असतं. पण ते दोघे राहायचे त्या गेस्ट हाऊसचा स्वयंपाकी सांगत होता, "मॅडम, साहेबांचा हात सोमवारी नाय गेला. रविवारी जेवताना तीनदा चमचा पडला. उशिरा बसले होते... अडीच वाजले असतील."

देवळात मी काय बोलले ते शेवटी दिमित्रीला सांगून टाकलं. तो रशियाला परत गेला नाही. दुसऱ्या एका देशात असतो, तिथे पावेलचं नाव मोठ्याने घेता येतं म्हणे.

नामाकाका म्हणतात, गाऱ्हाणं उतरवता येतं. एक नारळ, एक वाक्य. पण घालणाऱ्यानेच उतरवायचं. म्हणजे मी.

मागच्या वर्षी ओलेगचा मेल आला. दिमित्रीकडून त्याला सगळं कळलं होतं. मुलीकडून टाइप करून घेतला होता. लिहिलं होतं – कबूल केलं आहे, पावेलच्या आईच्या पायाशी बसून आलो आहे, शर्टाचं बटणही लावता येत नाही, कृपा करा. मी तो दिमित्रीला पाठवला. त्याचं उत्तर एका ओळीचं आलं, "बोललीस तू. तू ठरव."

दर शनिवारी मी खांबवरून गावी जाते. देवळाबाहेरच नारळाचं दुकान आहे. दुकानदार विचारतो, "ताई, देऊ का?"

या सगळ्याचा अर्थ मला आजही लावता आलेला नाही. पण एवढं ठरलं आहे. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नसेल, तर नारळ कशाला वाढवू? आणि असेल... तर मुळीच वाढवणार नाही.