मधल्या खणातली नानकटाई

भिसेगावच्या चंद्राबाईच्या घरात साहेबाची चूल आली ती तिच्या नवऱ्याच्या तोंडातल्या एका शब्दापायी.

येसाजी कर्जत स्टेशनाजवळच्या एका रेल्वेसाहेबाच्या बंगल्यावर माळी होता. झाडाझुडपांना हात चांगला, स्वभावाने गाय. साहेब त्याला हाक मारायचा तीच मुळी 'येस आजी' अशी मधेच तोडून. येसाजीला वाटे, 'येस' हा आपल्याच नावाचा अर्धा तुकडा, तेव्हा तो वापरायला आपल्याला कुणाची परवानगी नको. मडमबाईने काही विचारलं की तो मान हलवून 'येस' म्हणे. एवढ्या इंग्रजीवर त्याची नोकरी सुखात चालली होती.

सत्तेचाळीस साली साहेबाने बाडबिस्तरा गुंडाळला. नेण्यासारखं नेलं, बाकीचं नोकरमाणसांत वाटून टाकलं. येसाजीचा डोळा सायकलवर होता. मडमबाई त्याला स्वयंपाकघरात घेऊन गेली, भिंतीला टेकून उभ्या असलेल्या एका काळ्याकभिन्न धुडाकडे बोट दाखवून तिने लांबलचक काहीतरी विचारलं, आणि येसाजी सवयीने म्हणाला, "येस."

सायकल शिपायाला गेली.

ते धूड दुसऱ्या दिवशी बैलगाडीतून भिसेगावात आलं. उतरवायला अर्धी आळी लागली. अस्सल बिडाची चूल होती ती. वर तवे ठेवायला गोल झाकणं, डाव्या अंगाला जाळ घालायची खिडकी, उजवीकडे दार असलेली मोठी पेटी, आणि धूर जायला हत्तीच्या सोंडेसारखं नळकांडं. घराच्या दारातून ती आत जाईना. आडवी करून पाहिली, उभी करून पाहिली. शेवटी पडवीच्या कोपऱ्यात बसवली आणि सगळे घाम पुसत चंद्राबाईच्या तोंडाकडे बघू लागले.

चंद्राबाई म्हणजे बोलण्यात फटकळ. तिची जीभ विळ्यासारखी, सरळ लागली तरी कापणार आणि उलटी लागली तरी कापणार. पण कामाला वाघीण. भात लावणीत तिच्या रांगेला रांग लावायला बाया कचरत. तिने पेटीचं दार उघडलं, आत डोकावली, दार लावलं.

"चुलीला दार कशापायी रं देवा? जाळ काय पळून जातो का काय?"

"सायबाची चूल हाय गं ती," येसाजी हळूच म्हणाला.

"मंग सायेब गेला, तवा तिलाबी न्यायची व्हती की बोटीत घालून! सायकल मिळत व्हती ती सोडून हे भूत आनलंत. आता हिच्यावर बसून जा बाजाराला."

पहिले काही महिने चुलीत जाळ म्हणून पेटला नाही. पण चंद्राबाईला रिकामी वस्तू बघवत नसे. बिडाच्या पेटीत उंदीर शिरत नाही हे तिच्या ध्यानात आलं, तशी तिने आत बियाणाची मडकी ठेवली. आतल्या सामानाला मात्र जागा राहिली नाही. सामान म्हणजे सळ्यांच्या तीन जाळ्या, एक खोल लोखंडी परात, एक पसरट पत्रा आणि गरम भांडं ओढायचा लांब दांड्याचा आकडा. ते तिने पडवीत टांगून ठेवलं, आणि तिथून त्या सामानाला पाय फुटले.

शेजारची मोतीबाई बोंबील वाळवायला म्हणून एक जाळी घेऊन गेली. "मांजराला वरतून हात घालता येत नाय गं," असं ती साऱ्या आळीला सांगत सुटली. पोपट न्हावी विहिरीत पडलेली बादली काढायला आकडा घेऊन गेला आणि मग ज्याची बादली पडे तो पोपटाकडेच जाऊ लागला. डोंगराकडच्या वाडीवरचा धाऊ लाकडाची मोळी द्यायला आला होता, त्याने दुसऱ्या जाळीकडे बराच वेळ पाहिलं आणि ती कोंबड्यांच्या खुराड्याला दार म्हणून मागून नेली. खोल परातीत म्हशीला आंबोण जाऊ लागलं. घरी उरली एक जाळी, तिच्यावर चंद्राबाई भांडी निथळत घाली.

गंमत अशी, की ज्या चुलीला ती भूत म्हणे, तिच्याचमुळे तिचा भाव वधारला. बाया येत, अदबीने मागत. चंद्राबाई आढेवेढे घेई आणि मग देई.

हे असंच चाललं असतं, पण मुलीचं डोहाळजेवण आलं.

चंद्राबाईची एकुलती एक सुंदरा नेरळजवळच्या पोशीरला दिलेली होती. तिची सासू बायजा, म्हणजे चंद्राबाईची विहीण, मोठी तालेवार बाई. तालेवारी घरात फार नव्हती, बोलण्यात मात्र ओसंडून वाही. तिच्या कोण्या भाच्याचं कल्याणला दुकान होतं आणि तिथून येणाऱ्या नानकटाईचं ती इतकं कौतुक सांगे, की ऐकणाऱ्याचं पोट न खाताच भरावं.

येसाजी सातव्या महिन्यात लेकीला माहेरी आणायला पोशीरला गेला. बायजाने त्याला चहा दिला, बशीत एकच नानकटाई ठेवली आणि म्हणाली, "इवायबुवा, तुमच्याकडं सायबाची भट्टी हाय म्हनं. मंग डव्हाळजेवनाला नानकटाई घरचीच व्हनार आसंल?"

येसाजीच्या तोंडात नानकटाई होती. तरीही तो एक शब्द त्यातून वाट काढून बाहेर आलाच.

घरी येऊन त्याने हे सांगितलं तेव्हा चंद्राबाई भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. भाकरीला मधोमध भोक पडलं.

"आनि काय काय कबूल केलंत? पोरीला हत्तीवरून धाडतो, आसं नाय सांगितलं?"

"आगं, ती इचारत व्हती, मी म्हनलो..."

"तुमी काय म्हनला ते मला ठावं हाय!"

पण विहिणीपुढे मान खाली घालणं हे चंद्राबाईच्या रक्तात नव्हतं. बियाणाची मडकी तिने बाहेर काढली, पदर खोचला आणि सामान गोळा करायला निघाली.

मोतीबाईकडची जाळी मिळाली, पण तिला बोंबलाचा असा वास, की रस्त्याने येताना तीन मांजरं मागे लागली. राख आणि नारळाच्या शेंडीने ती घासघासून चंद्राबाईच्या बोटांची सालं निघाली. पोपटाने आकडा द्यायला खळखळ केली. "काकू, गावातल्या बादल्यांनी काय करायचं?" तो म्हणाला. "पडू देऊ नका म्हनावं," चंद्राबाई म्हणाली आणि आकडा घेऊन चालू लागली. धाऊ मात्र लगेच खुराड्याजवळ गेला आणि त्याने जाळी काढून दिली. त्याबरोबर साऱ्या कोंबड्या बाहेर आल्या आणि रानाकडे चालू लागल्या. धाऊ, त्याची बायको आवडी आणि चंद्राबाई, तिघांनी मिळून दुपारभर कोंबड्या धरल्या. एक कोंबडी करवंदीच्या जाळीत शिरली, तिला काढताना चंद्राबाईचं लुगडं फाटलं. आवडी हसून हसून खाली बसली. शेवटी चंद्राबाईने तिला घरचं जुनं सूप दारासाठी देण्याचं कबूल केलं तेव्हा सुटका झाली.

मग सुरू झाली नानकटाई. तूप घरच्या म्हशीचं, साखर रेशनची जपून ठेवलेली. म्हणून पहिले घाणे तिने गूळ आणि तांदळाच्या पिठाचे केले, वाया गेले तर म्हशीला.

पेटीच्या दोन्ही बाजूंना खाचा होत्या, त्यांत जाळ्या सरकवायच्या. वरचा, मधला आणि खालचा असे तीन खण झाले. तीन जाळ्या तशाच सरकवून झाल्यावर चंद्राबाईने पत्रा वरच्या खणात ठेवला, जाळ लावला, दार लावलं. थोड्या वेळाने पाहते तो वरून कोळसा, आतून कणीक.

"खाली ठिवून बघ," येसाजीने सुचवलं.

खाली ठेवला. आता वरून गोरीपान आणि बुडाला काजळ.

"बंगल्यावर काय करत व्हते?" तिने विचारलं.

"मी बाहेर गुलाबाला पानी घालत व्हतो. खिडकीतनं खानसाम्याची पाठ दिसायची."

"पाठ बघून भाजायला शिकायचं व्हय आता?"

चुलीपुढे मांडी घालून तिने पेटीत हात घातला, वर, मधे, खाली, जसा तव्यावर तळवा धरून ताप बघावा तसा. मधला खण तिला बरा वाटला. तिथला घाणा खरंच चांगला फुलला, पण डाव्या बाजूच्या वड्या तांबड्याभडक आणि उजव्या बाजूच्या फिक्या. जाळाची खिडकी डावीकडे, हे तिच्या लक्षात आलं. म्हणजे भाकरी जशी तव्यावर फिरवायची, तसाच पत्रा अर्ध्यात फिरवायचा! पत्रा पार मागच्या भिंतीला भिडवला की वरपर्यंत धग चढत नसे. जाळीच्या मागच्या कडेला दोन वळलेली शिंगं होती, ती वर ठेवली की पत्रा त्यांना अडून भिंतीपासून जरा अलीकडे राही. आणि जाळी पुढे ओढली की तीच शिंगं खाचेच्या तोंडाशी अडत, जाळी अर्धी बाहेर येऊन थांबे, तिच्यावरचा पत्रा हलत नसे.

"बघा," ती येसाजीला म्हणाली, "सायबाच्या डोक्यात कायतरी व्हतं."

त्या रात्री दोघांनी मिळून जळक्या, कच्च्या, निम्म्याअर्ध्या सगळ्या वड्या चहात बुडवून खाल्ल्या. येसाजी म्हणाला, कल्याणच्यापेक्षा बऱ्या आहेत. चंद्राबाईने त्याच्या बशीत अजून दोन ठेवल्या.

डोहाळजेवणाच्या सकाळी येसाजीला फार उत्साह आला. चंद्राबाई सुंदराला न्हाऊ घालत होती तेवढ्यात त्याने पेटीतल्या जाळ्या काढल्या, चिंचेने लखलखीत घासल्या आणि पुन्हा आत सरकवून ठेवल्या. सरकवताना शिंगं वर की खाली, हा विचार त्याला शिवलासुद्धा नाही. चंद्राबाईनेही घाईत पत्रा अंदाजानेच भिंतीच्या जरा अलीकडे मधल्या खणात घातला आणि ती ओटीच्या तयारीला लागली. मधे एकदा येऊन नुसता पत्रा आकड्याने फिरवला तेवढाच.

दुपारी पोशीरची गाडी आली. बायजा पाच बायांसह उतरली. सुंदरा हिरवं लुगडं नेसून, फुलांची वाडी घालून पाटावर बसली होती. बायजाने सुनेकडे एक नजर टाकली आणि थेट पडवी गाठली. पडवीभर तुपाचा वास सुटला होता. तो आवडल्याचं चेहऱ्यावर दिसू नये म्हणून तिने नाक मुरडलं.

"भाजल्यात का नाय, का नुसता वासच हाय?" असं म्हणत ती चुलीच्या दाराशी फतकल मारून बसली. विहिणीची फजिती अगदी जवळून बघायची होती तिला.

चंद्राबाईही अशी तशी नव्हती. सगळ्या बायांना तिने जवळ बोलावलं. "बघा गं, कशी अर्ध्यात थांबते," असं म्हणून तिने दार उघडलं, आकडा जाळीला लावला आणि रुबाबात ओढला.

जाळी थांबली नाही. सर्रकन पुरी बाहेर आली, पुढे कलली आणि पत्र्यावरच्या साऱ्या नानकटाया घसरगुंडीवरून पोरं यावीत तशा एकामागून एक आल्या. बायजाने घाबरून पदर पुढे धरला. सगळा घाणा त्या पदरात.

मोतीबाईने तोंडावर हात ठेवला आणि हाताच्या मागून म्हणाली, "अगं बया! सुनेच्या आधी सासूचीच ओटी भरली की!"

पडवी फुटली. बाया एकमेकींच्या अंगावर कोसळल्या. सुंदरा पाटावरून पोट धरून ओरडत होती, "आये, नको गं हसवूस, आत लाथा मारतंय!" पदर चटचट भाजत होता, म्हणून बायजा उभी राहून नाचू लागली. पण नानकटाई काही खाली टाकीना. ह्या पायावरून त्या पायावर करत ती ओरडली, "ताट आना गं कुनीतरी! सांडंल की सारी!"

चंद्राबाई आकडा हातात धरून दगडासारखी उभी होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. एवढ्या मेहनतीचं असं व्हावं! येसाजी खांबाआड गेला होता.

बायजाने नानकटाया ताटात ओतल्या, पदर झटकला आणि एक तुकडा मोडून तोंडात टाकला. तिने तो सावकाश चघळला. मग उरलेला अर्धा टाकला.

"विलायची जरा कमी पडली," ती म्हणाली.

"वाटली व्हती, पन..." चंद्राबाई आकडा खाली ठेवत म्हणाली.

"पन भाजनी झक्कास. कल्याणवाला मेला वर्सानुवर्सं मला करपलेली देतोय, हे आज कळलं." आणि मग तिलाच हसू आवरेना. "इहीनबाई, ह्या वयात माजी ओटी भरलीत, आता काय झालं तर तुमीच सांभाळायचं बरं का!"

चंद्राबाई डोळे पुसता पुसता हसली. त्या दिवशी दोघी विहिणी पहिल्यांदा एका ताटात जेवल्या.

सुंदराला पुढे मुलगी झाली. बिडाच्या चुलीला मात्र विश्रांती अशी राहिली नाही. दिवाळी जवळ आली की भिसेगावच्या बाया पिठाचे डबे घेऊन पडवीत रांग लावत. जाळी शिंगं वर करून घातली आहे ना, हे चंद्राबाई स्वतः हात लावून बघे. येसाजीला पेटीच्या जवळ फिरकायची बंदी होती. त्याने फक्त लाकडं फोडायची.

आणि पोशीरची गाडी दर वर्षी सगळ्यांच्या आधी यायची. बायजा तुपाचा डबा घेऊन उतरायची आणि तिथपासून दोघींची जुंपायची.

"मधल्या खणात माजा पत्रा."

"का म्हनून? चूल माजी."

"लांबनं मी आलीय."

"मंग खालच्या खणात घाला, तिथं जागा मोठी."

"खाली काजळ धरतं, मला शिकवू नका!"

पडवीत आलेल्या बाया आपापले डबे मांडीवर घेऊन मजेत ऐकत बसायच्या. पत्रे थंडच असायचे, चूल नुसतीच तापत राहायची, आणि भांडण मिटल्याशिवाय कुणाची एक वडी भाजून होत नसे.