टीम आपली आहे
शेजारच्या घरात एक म्हाताऱ्या अमेरिकन बाई राहतात. मी त्यांना काकू म्हणते. शब्दाचा अर्थ सांगितला, तेव्हा तो त्यांना इतका आवडला, की माझ्या नवऱ्याकडूनही त्या तेच म्हणवून घ्यायला लागल्या. मी नागपूरहून अमेरिकेत आलेली, व्हिसावर नोकरीची परवानगी नाही, नवरा दिवसभर ऑफिसात.

अमेरिकन फुटबॉल मला काकूंनी शिकवला. सुरुवातीला मला ती नुसती ढकलाढकली वाटायची. मग एका रविवारी त्यांनी आमच्या शहराच्या टीमची जर्सी माझ्या अंगावर चढवली आणि मला स्टेडियमवर नेलं. मॅचआधी खाणंपिणं करायला पार्किंगमध्ये लोकांनी शेगड्या मांडल्या होत्या. मी डब्यात बटाटेवडे नेले होते. अनोळखी माणसांनी ते मिटक्या मारत खाल्ले. तू मूळची कुठली, हे त्या दिवशी कुणीच विचारलं नाही. काकूंच्या शेजारची सीट त्यांच्या यजमानांची, वर्षभराच्या पासाची. ते गेल्यावरही काकूंनी ती सोडली नव्हती. पुढची काही वर्षं तिथे मी बसले.

मग टीमच्या मालकाला नवं स्टेडियम हवंसं वाटू लागलं. ते शहराने बांधून द्यावं का, यावर मतदान ठरलं. "हे शहर आमचं घर आहे, आम्ही कुठेही जाणार नाही," असं तो टीव्हीवर म्हणाला. काकूंनी विश्वास ठेवला. गुडघे दुखत असताना त्या होकाराची मतं मागत दारोदार फिरल्या. मला मतदानाचा हक्क नव्हता, पण गाडी मी चालवायचे.

"त्या श्रीमंत माणसाचं स्टेडियम आम्ही का बांधायचं?" एका घरातल्या माणसाने विचारलं.

"स्टेडियम त्याचं असेल," काकू म्हणाल्या, "टीम आपली आहे."

मतदानात आम्ही हरलो. काही महिन्यांनी सकाळी फोनवर बातमी आली, टीम दुसऱ्या, मोठ्या शहरात चालली. इथे मालक आपली टीम उचलून दुसऱ्या शहरात नेऊ शकतो. मी तशीच काकूंकडे गेले. टीव्हीवर मालक नव्या शहराची टोपी घालून हसत होता. नागपूर सोडताना मी निदान रडले तरी होते.

दुपारी टीमच्या ऑफिससमोर लोक जर्सी, झेंडे, टोप्या आणून टाकत होते. आम्हीही गेलो. मी माझी जर्सी त्या ढिगावर फेकली. काकूंनी यजमानांचं जुनं जॅकेट आणलं होतं. ते त्या बराच वेळ छातीशी धरून उभ्या राहिल्या.

"हे नाही टाकणार," त्या म्हणाल्या. "हे त्यांचं आहे. या लोकांचं नाही."

काकूंचा मुलगा नेमका त्याच मोठ्या शहरात राहायचा. त्याला आनंदच झाला. पुढच्या सीझनला त्याने हट्टाने आईला मॅचला नेलं.

परत आल्यावर मी विचारलं, "कशी झाली मॅच?"

"जिंकले," काकू म्हणाल्या. "अर्धे लोक समोरच्या टीमचे होते. आमची माणसं फोन बघत बसलेली." मग म्हणाल्या, "आमची कसली म्हणा. मुलाला वाटलं मी खूश होईन. त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या."

त्यानंतर काकूंनी फुटबॉल बघितला नाही. रविवारी आम्ही बाजारात जातो, कधी समुद्रावर. जुन्या स्टेडियमवरून जाणारा रस्ता जवळचा आहे, पण काकू मला लांबच्या रस्त्याने गाडी घ्यायला लावतात.