कळलावीचा कंद

२० ऑगस्ट १९७२. पुण्याहून निघण्यापूर्वी चित्राचा कागद ओला करून फळीवर ताणून चिकटवला. वनस्पतींच्या एका पुस्तकासाठी मला कळलावी रंगवायची होती. ती नागपूरला महाल भागात गोदामावशीच्या सांदवाडीत (घराशेजारच्या मोकळ्या पट्टीत) फुलली होती. ही वेल सगळीच विषारी, कंद तर फारच.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टेशनवरून सायकलरिक्षाने पोचले. मावशीने पाटोडी (बेसनाच्या वड्या, तिखट रश्शात) वाढली. माझ्या डोळ्यांतून पाणी आले.

“पुन्याची माणसं!” मावशी हसली. “तू आपली फुलंच काढ.”

ओल्या उन्हात वेल कुंपणावर तरंगत असल्यासारखी दिसत होती. फूल हिरवट उमलते, पिवळे होते, मग तांबडे. मी पिवळा भरेपर्यंत पाकळीच्या कडेला तांबडे चढल्याचा भास होई. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात इथल्या चिताऱ्यांनी साहेबांसाठी अशी चित्रे केली. खाली नाव बहुधा साहेबाचेच. पांढऱ्या कागदावर कळी, फूल, शेंग आणि धुतलेले मूळ, ही रीत अजून तशीच आहे. ते चितारी हा हिरवा कसा मिसळत असतील, या विचारात दुपार कधी झाली कळले नाही.

मुळासाठी खुरपे उचलले, तशी मावशी धावत आली.

“काहून वं कमल, उपटून राहिली? सून पोटुशी आहे घरात. कंद निघाला का कळा सुरू होतात!”

“मावशी, असं काही होत नसतं.”

“मागचे दोन गेले. डॉक्टरही हेच म्हणे, काही होत नसतं.”

सून सिंधू दारात उभी होती. “काढू द्या ना आई, पुस्तक अडलं त्यांचं,” ती म्हणाली. पण तिचे दोन्ही हात पोटावर होते.

मुळाशिवाय चित्र पुस्तकात घेतले नसते. मी खुरपे ठेवून जाड ब्रश घेतला. “उपटत नाही. नुसती माती झाडते. कंद जागचा हलणार नाही.”

मावशी उकिडवी बसली. “वेल मी धरते. हलली तर तुले पायी पुन्याले धाडीन.”

नांगरासारखा दोन फाट्यांचा कंद हळूहळू उघडा पडला. मी चित्र काढत होते, मावशी वेल धरून होती. मग मी माती परत लोटली, तिने ती तळव्याने दाबली. दोघींनी साबणाने हात धुतले.

रात्रीच्या गाडीत वाटले, जुन्या चित्रांतली ती स्वच्छ मुळे उपटताना कोणाच्या परसात काय काय बोलणे झाले असेल. कागदावर त्यातले काहीच नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी पोचले आणि चहाआधी कंदाभोवती काळी माती रंगवली. संपादकांनी खोडायला सांगू नये म्हणून पेन्सिल वापरलीच नाही, थेट रंग लावला.