बाडीतला पांढरा मका

माझं माहेर मार्कंड्याजवळचं. तिथे मी चौथीपर्यंत शिकले आणि लग्न होऊन अहेरीच्या बाजूला, जंगलातल्या एका लहान गावात आले. पन्नास सालानंतरचे ते दिवस. आमचा चांदा जिल्हा तेव्हा मध्यप्रदेशात होता. घरात सासू, सासरे, घरचे म्हणजे माझे यजमान, आणि मी, एवढी चारच माणसं. सासूला मी आत्याबाई म्हणत असे. सासऱ्यांना मामाजी म्हणायचे, पण ते मनातल्या मनात, कारण सुनेने सासऱ्याशी बोलायचं नाही अशी आमच्याकडे रीत होती. काही सांगायचं असलं तर आत्याबाईंना सांगावं, आत्याबाई मामाजींना सांगत. मी मुळातच कमी बोलणारी, त्यामुळे या रीतीचा मला कधी त्रास वाटला नाही. उलट बरंच वाटायचं.

आमचं मुख्य पीक धानाचं. पण धान घरी येतो दिवाळीच्या सुमारास, आणि मागच्या वर्षीचा तांदूळ श्रावण संपता संपता सरतो. मधले दीड-दोन महिने सगळं गाव मक्यावर असायचं. प्रत्येकाच्या घरामागे बांबूच्या कुंपणाची बाडी, बाडीत मका, मक्याच्या ताटावर चढलेल्या शेंगा, खाली काकडी. कोवळे भुट्टे भाजून खायचे, थोडे जून झाले की दाणे दळून त्याचा लापशीसारखा घाटा करायचा. वाळलेले दाणे पावसाळ्यानंतर बाजारात नेले की त्यावर मीठ, तेल, मिरच्या येत. लाकूडतोडीची मजूर माणसं भुट्ट्यांसाठी बाजारच्या दिवशी वाटेतच बायकांना अडवत.

आमच्या बाडीतला मका पांढरा होता. दाणा लहान, पण दुधासारखा, आणि घाटा असा गोड की त्याला गूळ लागत नसे. ते बियाणं आत्याबाईंनी लग्नात पदराला बांधून आणलेलं. त्यांच्या आईकडे ते तिच्या आईकडून आलेलं. दरवर्षी निवडक कणसं सोलपटासकट वेणीसारखी गुंफून त्या चुलीवरच्या आड्याला टांगत. धुराने त्यांना कीड लागत नसे. जेठ महिन्यात गावातली निम्मी घरं ओंजळ ओंजळ बियाणं आमच्याकडून नेत. भामरागडकडच्या माडिया बायका बाजाराला आल्या की बांबूच्या टोपल्या देऊन हेच बियाणं घेत. आत्याबाईंना दागिना म्हणून काही नव्हता. त्या आड्याकडे बोट दाखवून म्हणायच्या की माझं सोनं तिथं टांगलेलं आहे.

एका वर्षी जेठात ग्रामसेवक आला. सरकारने शेतीसाठी नवीन माणसं नेमली होती, त्यांतला हा एक, अगदी तरुण. मामाजींना त्याने कापडी पिशवीतून पिवळ्या मक्याचं बियाणं दिलं. दाणा मोठा, घोड्याच्या दातासारखा. हे अमेरिकेचं बियाणं, म्हणाला, बाडीत लावून बघा, दुप्पट पीक येईल. सोबत एक छापील कागद होता आणि तो हिंदीत होता. मामाजींना अक्षर येत नव्हतं. ओसरीवरून त्यांनी आत्याबाईंना सांगितलं, "सुनबाईले वाच मनावं."

मी चुलीपाशी उभी राहून हळू वाचायची आणि आत्याबाई ते मोठ्याने ओसरीवर पोचवायच्या. दोन दाण्यांत किती अंतर, शेणखत किती, पाणी कधी. कागदाच्या शेवटच्या ओळीत लिहिलं होतं की हा मका दुसऱ्या मक्यापासून खूप दूर, निदान तीनशे पावलांवर लावावा, नाहीतर दोन्ही एकमेकांत मिसळतील. ती ओळ मी वाचेपर्यंत मामाजी उठले होते. "समजलं, समजलं," म्हणत ते ग्रामसेवकाला बाडी दाखवायला गेले, आणि आत्याबाई त्यांच्यासाठी पाणी घेऊन गेल्या. ओळ माझ्याजवळच राहिली. संध्याकाळी सांगू, असं मी मनात म्हटलं.

पण संध्याकाळीच निरोप आला की नणंदेला कळा सुरू झाल्या आहेत, आणि आत्याबाई तशाच पावली तिच्या गावाला गेल्या. घरचे तर आधीच बैलगाडी घेऊन बल्लारशाच्या बाजूला लाकूड पोचवायला गेले होते. पावसाने रस्ते बंद व्हायच्या आधी ते काम उरकावं लागे. घरात राहिलो मामाजी आणि मी. जेवण वाढून मी आत जायची. ते जेवून ताट सारायचे. दोन दिवस घरात बकरीशिवाय कोणाचा आवाज नव्हता.

तिसऱ्या दिवशी मामाजींनी बाडी खणली. पूर्वेकडच्या अंगाला पांढऱ्या मक्याच्या ओळी आखल्या आणि त्यांना लागूनच, पश्चिमेकडे, पिवळ्याच्या. मी मागून बियाण्याची टोपली घेऊन चालत होते. प्रत्येक ओळीला ती कागदावरची ओळ माझ्या ओठांवर यायची. शेजारच्या बाईला मध्ये घालावं तर तीही शेतात गेलेली. शेवटी आमच्याकडच्या सुना करतात ते मी केलं. सासऱ्याला काही ऐकवायचं असलं की गाय, कुत्रा, भिंत, कोणाला तरी उद्देशून बोलायचं. बकरी कुंपणाशी बांधलेली होती. मी तिच्याकडे तोंड करून म्हटलं की पिवळा दूर लावायला सांगितलं आहे, कागदात तसं लिहिलं आहे. पण माझा आवाज एवढा बारीक की तो बकरीनेच ऐकला असेल. मामाजी दहा पावलं पुढे कुदळ मारत होते. त्यांनी मान वर केली नाही. दुसऱ्यांदा म्हणायची माझी हिंमत झाली नाही. मी माझ्याच हाताने दोन्ही बियाणी शेजारी शेजारी टाकली.

आत्याबाई परत आल्या तेव्हा मका बोटभर वर आला होता. दोन्हीकडचे कोंब हिरवेगार, सारखेच दिसत होते. मी स्वतःला समजावलं की कागदवाल्यांना काय, ते काहीही लिहितात. आता सांगून उपटायचा थोडाच आहे. असं म्हणून ती गोष्ट मी सोडून दिली. पोपट हाकलण्यात आणि धानाच्या रोवणीत दिवस गेले, मका डोक्याच्या वर गेला, तुरे आले, कणसांना रेशमासारखे केस आले.

भादव्यात तांदळाची कोठी झाडून झाली. आता मक्याचं नवं करायचं होतं. नवं म्हणजे नवीन पीक आधी देवापुढे आणि पितरांपुढे ठेवायचं, मग घरच्यांनी खायचं. तोपर्यंत एक दाणा तोंडात घालायचा नाही. पहिलं कणीस घरातली मोठी बाई तोडते. घरचे तेव्हा शेताच्या बांधावर होते. मामाजी ओसरीवर बसले होते, मी दाराच्या आत. आत्याबाईंनी आंघोळ करून ओल्या लुगड्यानेच बाडीतून पाच कणसं आणली, अंगणात बसून पहिलं सोललं आणि तशाच बसून राहिल्या. दुसरं सोललं. तिसरं सोललं.

पांढऱ्या दाण्यांमध्ये जागोजागी पिवळे दाणे होते, पोळ्याला बैलाच्या अंगावर मारतात तसे ठिपके.

आत्याबाई मामाजींना म्हणाल्या, "हे मायामुळे झालं. पोरीचं बाळंतपण करून आली, बारा दिवसबी पुरे होऊ देल्ले नाई. इटाळाच्या अंगानं बाडीत फिरली. देवानं बियानंच नासवलं."

मामाजी कणीस हातात घेऊन उलटंसुलटं बघत राहिले. आत्याबाई म्हणाल्या की असला मका देवापुढे ठेवता येत नाही, म्हणजे नवं होणार नाही, म्हणजे कोणी खायचंही नाही. सगळा कापून गुरांना घाला. पुढच्या वर्षी लोक बियाणं मागायला येतील तेव्हा काय सांगायचं ते त्या बघतील. एवढं बोलून त्या रडल्या. मी त्यांना त्याआधी रडताना पाहिलं नव्हतं. त्यांच्या आईच्या मरणाची बातमी आली तेव्हासुद्धा त्या आधी गुरांना पाणी पाजून मग बसल्या होत्या.

घरात तांदूळ नव्हता हे तर होतंच. पण जे मी केलं ते त्या स्वतःवर घेत होत्या, ते मला बघवेना. कागद मी देवळीत पिठाच्या डब्याखाली ठेवला होता. तो घेऊन मी दाराबाहेर आले, अंगणात, मामाजींच्या समोर. डोक्यावर पदर होता, पण आवाज माझाच होता आणि तो सगळ्यांना ऐकू गेला.

"आत्याबाई, तुमचा काई दोष नाई. दोन्ही मके दूर दूर लावा मनून कागदात लिवलं होतं. मी वाचलं होतं. मी सांगतलं नाई."

मामाजी माझ्याकडे बघतच राहिले. लग्नाला तीन वर्षं झाली होती आणि माझा आवाज त्यांनी पहिल्यांदा ऐकला असावा. ते मला नाही, आत्याबाईंना म्हणाले, "मंग पेरतानीच काऊन नाई सांगतलं तिनं?"

आत्याबाईंनी डोळे पुसले. "तुमच्यासंगं कधी बोलली का थे? बकरीले सांगतलं असन."

मी मान हलवली. बकरीलाच सांगितलं होतं.

मामाजींना आधी ठसका लागला, मग ते हसायला लागले, आणि हसता हसता म्हणाले, "बकरीनं मले सांगाले पायजे होतं मंग." आत्याबाई हसल्या नाहीत. त्यांनी माझ्या हातातला कागद घेतला, जणू त्यांना वाचता येतं असा निरखून पाहिला आणि परत दिला. मग ती ओळ पुन्हा वाचायला सांगितली. मी वाचली. मिसळतात कसे, असं त्यांनी विचारलं. ते कागदात नव्हतं.

त्या उठून बाडीत गेल्या. मी मागे गेले. पिवळ्याला लागून असलेल्या ओळीतलं एक कणीस त्यांनी झाडावरच थोडं सोललं. त्यात निम्मे दाणे पिवळे. पुढच्या ओळीत त्याहून कमी. अशा ओळी ओलांडत आम्ही पार पूर्वेच्या कुंपणाशी पोचलो. तिथल्या कणसांत एखाददुसराच पिवळा दाणा, काहींत तर एकही नाही. आत्याबाईंनी मागे वळून पाहिलं. पावसाळी वारा पश्चिमेकडूनच येतो. त्यांनी वाळलेल्या तुऱ्यावर बोट आपटलं, उरलीसुरली पिवळी भुकटी तळहातावर पडली, ती त्यांनी फुंकली.

"वारा घेऊन आला," त्या म्हणाल्या. "इटाळ नाई न काई नाई."

त्याच दिवशी नवं झालं. पूर्वेच्या ओळीतली पाच शुभ्र कणसं देवापुढे ठेवली. मग आम्ही ठिपक्यांचे भुट्टे भाजून पोटभर खाल्ले. घरचे शेतातून आले, त्यांना काहीच ठाऊक नव्हतं, ते म्हणाले यंदाचा मका मस्त दिसतो. पिवळा मकाही भरघोस आला होता. त्याचा घाटा आमच्या पांढऱ्यासारखा गोड नव्हता, पण पोट भरायचा, आणि त्या वर्षी धान येईपर्यंत आम्हाला कंदांसाठी रानात जावं लागलं नाही.

काही दिवसांनी ग्रामसेवक पीक बघायला आला. पिवळी कणसं हातात तोलत त्याने सांगितलं की अमेरिकेत मैलोन् मैल हाच मका असतो, माणसं खातात, डुकरं-कोंबड्या खातात, आणि जहाजं भरून तो देशोदेशी जातो. आत्याबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या की तो तिकडचा, आमचा पांढरा मात्र इथलाच. त्यावर तो म्हणाला, नाही बाई, तुमचाही तिकडूनच आला, शेकडो वर्षांपूर्वी, जहाजातून. सगळाच मका समुद्रापलीकडचा आहे. मला वाटलं आता आत्याबाईंना राग येणार.

"आला असन," त्या म्हणाल्या. "मी तरी कुठी या घरची होती?"

पूर्वेच्या दोन ओळी आम्ही बियाण्यासाठी झाडावरच वाळू दिल्या. आश्विनात ती कणसं घरात आणली आणि चार दुपारी आम्ही दोघी अंगणात सूप घेऊन बसलो. कणीस सोलायचं, एकेक दाणा बघायचा, पिवळसर वाटला तरी बाजूला टाकायचा. पहिल्या दुपारी आत्याबाई माझं सूप पुन्हा तपासायच्या. दुसऱ्या दुपारीही तपासलं. तिसऱ्या दुपारी त्यांनी त्यांचंच सूप माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाल्या, डोळे तुझे चांगले आहेत, तू बघ. चौथ्या दुपारी त्यांनी माहेरच्या गोष्टी सांगितल्या, त्यांच्या आईच्या, आणि मीही पुष्कळ बोलले. आता दाणे सुटे झाले होते, वेणी बांधता येणार नव्हती. म्हणून बियाणं दुधीभोपळ्याच्या वाळलेल्या तुंब्यात राख घालून ठेवलं.

पुढच्या वर्षी पिवळा मका नाल्यापलीकडच्या तुकड्यात लावला. बाडीतली पांढरी कणसं सोलली तेव्हा त्यांत एकही ठिपका नव्हता. पण मला अधिक आठवतो तो त्याच वर्षीचा, पेरणीआधीचा जेठ. गावातली माणसं नेहमीसारखी बियाणं न्यायला आली. ग्रामसेवकाने तोवर बऱ्याच घरी पिवळा दिला होता. आत्याबाईंनी तुंबा माझ्या हातात दिला आणि सांगितलं की यंदा तूच वाट, आणि प्रत्येकाला ती कागदातली गोष्ट सांगून मगच दे. ओसरीवर मामाजी बसलेले, अंगणात बाया आणि बाप्ये. ओंजळ टाकायची आणि म्हणायचं, पिवळा लावाल तर दूर लावा. पहिल्या दोघा-तिघांना ऐकूच गेलं नाही, त्यांना परत सांगावं लागलं. पुढे आवाज जमला.

शेवटी एक म्हातारे पाटीलभाऊ आले. त्यांनी ओंजळ धोतराच्या टोकाला बांधली आणि ओसरीकडे वळून मामाजींना विचारलं, दूर म्हणजे नेमकं किती दूर.

"मले काय इचारता, भाऊ," मामाजी म्हणाले, "सुनबाईले इचारा. सांगन थे."

मी सांगितलं.