अण्णाचा ब्लॉग शेजारच्या घरात उघडला तेव्हा

आमचा अण्णा, म्हणजे माझा थोरला भाऊ वेंकटेश हुद्दार, वाईट माणूस नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं वाचून तुम्हांला तसं वाटेल, आणि मलाही मधे काही दिवस तसंच वाटत होतं. पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क म्हणून त्यानं जन्म काढला, कुणाची फाईल मुद्दाम अडवली नाही, कुणाचं वाईट चिंतलं नाही. वहिनी गेल्यापासून मी त्याच्याकडेच केशवापुरात राहते. मीही शाळेतून निवृत्त झालेली. तो बोलतो, मी टोमणे मारते, असं आमचं दोघांचं घर चालतं.

अण्णाला व्यसन एकच, लिहिण्याचं. त्याचा मुलगा अनिश बंगळूरला असतो. एका सुटीत येऊन त्यानं बापाला फुकटातला एक ब्लॉग काढून दिला. नाव ‘केशवापुरातून’. करडी पानं, मुंगीएवढी अक्षरं. त्यावर अण्णा कोपऱ्यावर चुरमुऱ्यांचं गिरमिट विकणाऱ्याबद्दल लिहायचा, सिटी बसमधल्या भांडणांबद्दल लिहायचा, आणि मुख्य म्हणजे गल्लीतल्या माणसांबद्दल लिहायचा. खऱ्या नावांसकट.

मी एकदा म्हटलं, “अरे, नावं तरी बदल की.”

“भागू, इथं मराठी वाचतंय कोण? गल्ली सगळी कन्नड आहे. बोललेलं कळतं त्यांना, पण वाचायला कोण बसणार?”

आणि खरंच कुणी बसत नव्हतं. वाचायची ती सांगलीची आत्तेभावंडं आणि पुण्याची मावसबहीण. मी पण वाचायची आणि हसायची, ते काही लपवत नाही. आम्हां इकडच्या मराठी घरांना ही सवयच आहे. दुकानात, बसमधे, समोरच्याला कळू नये असं काही असलं की पटकन मराठीत बोलायचं. समोरच्याला ते निम्मंअधिक कळत असतं, हेही आपल्याला ठाऊक असतं. तरी बोलतो.

शरणप्पा आमचे शेजारी. दाजीबानपेठेत त्यांचं कापडाचं होलसेल दुकान आहे, घर आमच्या भिंतीला लागून. अण्णाची आणि त्यांची दोस्ती फार जुनी, अरेतुरेची, आणि सगळी कन्नडमधे चालणारी. रोज सकाळी काखेत कन्नड पेपर घेऊन ते आमच्या व्हरांड्यात यायचे, खुर्चीत बसायचे, खिसे चाचपायचे आणि म्हणायचे, “चष्मा विसरलो बघ. काय म्हणतोय आज पेपर?” मग अण्णा मोठ्यानं वाचायचा, मधेमधे दोघं पुढाऱ्यांना शिव्या घालायचे, आणि मी आतून चहा आणायची.

शरणप्पांना वाचता येत नव्हतं. लहानपणीच वडील गेले, चुलत्यानं शाळेतून काढून दुकानात बसवलं. आकडेमोड बसल्या जागी करतील, सही गिरवून गिरवून शिकलेले, पण अक्षरांशी तेवढाच संबंध. अण्णाला हे कधी कळलं ते त्यानं मला सांगितलं नाही, आणि मला कधी कळलं ते मी त्याला सांगितलं नाही. त्यांनी चष्मा विसरलो म्हटलं की वाचून दाखवायचं, बस्स. लग्नपत्रिका आली तरी तेच, बँकेचं पत्र आलं तरी तेच. अण्णानं आयुष्यात ह्याहून चांगलं काही केलं नसेल. पण करून गप्प बसणं त्याला जमलं नाही.

त्यानं ते ब्लॉगवर लिहिलं. ‘माझा मित्र शरणप्पा’. पहिले परिच्छेद नुसते कौतुकाचे. वहिनीच्या आजारपणात शरणप्पांनी दुकान बंद ठेवून दवाखान्यात कसं बसून काढलं, गल्लीतल्या मुलींच्या लग्नात ते गाजावाजा न करता साड्या कशा पाठवतात. आणि मग हे: ‘माझ्या ह्या मित्राला लिहायला-वाचायला येत नाही. त्याच्या घरात मुलांनाही हे ठाऊक नाही. मला ठाऊक आहे, पण ते मी त्याला आजवर जाणवू दिलेलं नाही.’ खाली सांगलीकरांच्या प्रतिक्रिया. डोळ्यांत पाणी आलं, केवढं मोठं मन. मन मोठं कुणाचं, तर अण्णाचं! मी ते वाचलं तेव्हा मला ते खटकलं होतं. पण सांगली लांब आहे, असं म्हणून मी भाजी निवडायला बसले.

गेल्या वर्षी, हे लिहून झाल्यावर लगेचच, अण्णाच्या डोक्यात भरलं की ब्लॉग असा भिकाऱ्यासारखा दिसता उपयोगी नाही, चांगला वेब डिझायनर गाठायचा. शोध सुरू झाला. मुलगी बघायला जावं तसा अण्णा प्रत्येकाशी बोलायला नवा शर्ट घालून कॉम्प्युटरसमोर बसायचा. पहिला पुण्याचा. त्यानं तासभर ‘ब्रँड, ब्रँड’ केलं आणि अण्णाला फोटोत अर्धाच चेहरा ठेवायला सांगितलं. दुसरा इथलाच, ट्यूशन क्लासवाल्यांच्या साइट करणारा. त्याच्या साइटवर अक्षरं गरगरत यायची, मला तर बघून मळमळलं. तिसरी विद्यानगरची पल्लवी. घरातच काम करणारी, शांत मुलगी. तिनं आधी काही दाखवलंच नाही, विचारलं.

“सर, तुमचे वाचक कोण?”

“सगळं जग,” अण्णा म्हणाला.

“म्हणजे इथले लोकसुद्धा?”

“सगळं जग म्हटल्यावर इथले आलेच की!”

तिनं तसं लिहून घेतलं. तिनं अण्णाच्या एका विनोदाला हसून दिलं होतं, त्यामुळे निवड तिथंच झाली होती. साइटवर काय काय असेल ते तिनं नंतर बसून समजावलं. अण्णानं त्यातला फक्त रंग बघितला, आणि आपला फोटो डावीकडे की उजवीकडे यावर दोन दिवस घातले. बाकी सगळ्याला “हो हो, करून टाक” म्हणत गेला. डिझायनर निवडणारे लोक त्यानं केलेली कामं बघतात. तो काय विचारतो ते ऐकावं आणि त्याला खरं उत्तर द्यावं, हे मला आता कळलंय. अण्णाचं खरं उत्तर होतं, “माझं कौतुक करणारी लांबची मराठी माणसं.” पण असं कोण सांगतं?

साइट तयार झाली ती अमावस्येच्या आदल्या दिवशी. अमावस्येला शरणप्पांच्या दुकानात पूजा असते आणि मग घरी सगळ्यांचं जेवण. आम्ही दोघं नेहमीप्रमाणे गेलो. होळिगे, म्हणजे आपल्या पुरणपोळ्या, झाल्या, पानं झाली, आणि अण्णाला राहवेना. त्यानं फोन काढून नवी साइट दाखवायला सुरुवात केली. शरणप्पांची धाकटी सून पूजा, नुकतीच लग्न होऊन गदगहून आलेली, कॉम्प्युटर शिकलेली. ती म्हणाली, “काका, टीव्हीवर लावते, सगळ्यांना दिसेल.” भिंतीएवढ्या टीव्हीवर अण्णाचा हसरा फोटो आला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात पूजा ओरडली, “अय्या, इथं कन्नडचं बटण आहे!”

तिनं ते दाबलं आणि ‘केशवापुरातून’ अख्खं कन्नड झालं. आमचा आडोसा कुणीतरी उचलून बाजूला ठेवला, आणि अण्णाला त्याचा आनंद झाला! “बघितलंस? मी सांगितलं होतं तिला, सगळ्या जगासाठी कर.” गल्लीतल्या कुणाकुणाबद्दल काय काय लिहिलंय ते मला भराभर आठवायला लागलं. पण शरणप्पांचं मला आठवलंच नाही, कारण ते वाईट लिहिलेलं नव्हतं ना.

पूजाच सासऱ्यांना म्हणाली, “मावा, तुमच्यावर पण लिहिलंय काकांनी!”

शरणप्पा लाजले. खिसे चाचपून म्हणाले, “चष्मा आत राहिलाय. तूच वाच.”

ती वाचायला लागली. स्वच्छ आवाज, बातम्या देणाऱ्या बाईसारखा. दवाखान्याची गोष्ट आली तेव्हा गिरिजाक्कांनी, शरणप्पांच्या बायकोनं, पदरानं डोळे टिपले. साड्यांची गोष्ट आली तेव्हा मुलगे बापाची थट्टा करायला लागले. अण्णा डोळे मिटून स्वतःचं लिखाण ऐकत होता. मला आता आठवलं. मी अण्णाच्या गुडघ्याला चिमटा काढला, त्यानं माझा हात झटकला.

“माझ्या ह्या मित्राला लिहायला-वाचायला,” पूजानं वाचलं आणि ती थांबली. क्षणभरच. मग म्हणाली, “अय्यो, नेट गेलं वाटतं.” आणि ती टीव्हीचा रिमोट शोधायला लागली.

दोन महिन्यांपूर्वी त्या घरात आलेली मुलगी. तिला एका श्वासात जे सुचलं, ते माझ्या भावाला सुचलं नाही. त्यानं डोळे उघडले आणि तो म्हणाला, “नेट कुठं गेलंय? दिसतंय की समोर. वाच वाच, शेवट फार छान आहे.”

वाचून दाखवायची गरजच नव्हती. एकेक अक्षर करंगळीएवढं, आणि कन्नड. मुलगे वाचत होते, थोरली सून वाचत होती, गिरिजाक्का वाचून खाली बघत होत्या. त्या खोलीत एकट्या शरणप्पांना ते वाचता येत नव्हतं, आणि ते अजून टीव्हीकडे बघून हसत होते. मग त्यांनी पूजाकडे बघितलं, मुलांकडे बघितलं, आणि सगळ्यांत शेवटी अण्णाकडे. त्यांना कळलं. ते उठले, हात धुवायला म्हणून आत गेले, आणि आम्ही निघेपर्यंत बाहेर आले नाहीत.

घरी येऊन अण्णानं पहिलं काय केलं असेल? पल्लवीला फोन. “ते कन्नडचं बटण काढून टाक.” तिनं विचारलं, “सर, बटण काढू की मजकूर?” मी फोन हिसकावून बंद केला आणि त्याला म्हटलं, “बटणानं केलं काय रे हे? लाज वाटू दे!” थोरल्या भावाला असं मी जन्मात बोलले नव्हते. तो खुर्चीत बसला आणि रडला. मला दया आली नाही. खरं सांगायचं तर त्याची जेवढी लाज वाटत होती तेवढीच माझी वाटत होती.

व्हरांड्यातली खुर्ची रिकामी राहायला लागली. अण्णानं दाढी करायचं सोडलं, भिंतीपलीकडे भांडं वाजलं तरी दचकायचा. शेवटी एका दुपारी म्हणाला, “भागू, माझ्यासंगं चल. एकट्याला धीर होत नाही.” आम्ही रिक्षानं दाजीबानपेठेला गेलो.

शरणप्पा गादीवर बसले होते. गिऱ्हाईक नव्हतं. त्यांनी आम्हांला बसवलं, नोकराला चहा आणायला पाठवलं, आणि अण्णा तोंड उघडणार तोच म्हणाले, “फोन आणलायस? वाच. त्या दिवशी अर्धंच राहिलं.” ते कन्नडमधे बोलले, मी मराठीत सांगतेय.

“शरणप्पा, नको.”

“वाच. मला कसं कळणार नाहीतर?”

अण्णानं वाचलं. चोरी कबूल करणाऱ्या पोरासारखा, खाली मान घालून. ‘मला ठाऊक आहे, पण ते मी त्याला आजवर जाणवू दिलेलं नाही,’ इथं त्यानं फोन गादीवर ठेवला.

शरणप्पा म्हणाले, “तुला ठाऊक आहे हे मला पहिल्यापासून ठाऊक होतं. कुठला माणूस रोज चष्मा विसरेल? तुला अवघडायला नको म्हणून मी आपला खिसे चाचपायचो. एवढंच कळलं नव्हतं की तुला हे कुणालातरी सांगायचंय.”

अण्णा म्हणाला, “तप्पाय्तु.” चूक झाली. मग घाईघाईनं म्हणाला, “मी ते सगळं काढून टाकतो. आत्ता, इथं बसल्या बसल्या काढायला सांगतो तिला.”

“काढू नकोस,” शरणप्पा म्हणाले. “माझ्या घरात सगळ्यांनी वाचलंय, ते काही पुसलं जाणार नाही. आता काढलंस तर लाज तुझी जाईल, माझी तशीच राहील. असू दे तिथं.”

गिऱ्हाईक आलं तसे ते उठले आणि ताग्यावर तागा उलगडून दाखवायला लागले. चहा आला, आम्ही तो प्यालो आणि त्यांना न सांगताच निघालो.

तो मजकूर अजून तिथंच आहे, कन्नडच्या बटणासकट. त्याच्यानंतर अण्णानं एक ओळ लिहिलेली नाही, म्हणून नव्या साइटवर पहिल्या पानावर अजून तोच दिसतो.