आतोबा खाडी ओलांडतात

आमच्या आतोबांइतका, म्हणजे आत्याच्या यजमानांइतका, भित्रा माणूस रत्नागिरी जिल्ह्यात दुसरा झाला नाही, आणि इतका व्यवस्थित भिणारा तर उभ्या मुंबई इलाख्यात नसेल. तुम्हीआम्ही भितो ते प्रसंग आला म्हणजे. आतोबा प्रसंगाची वाट बघत बसत नसत. स्वतःच्या परसातल्या माडांखालून ते भर उन्हाळ्यात छत्री उघडून जात. नारळ काही विचारून पडत नाही, असं त्यांचं म्हणणं. छत्रीने नारळ अडेल का, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "अडायचा नाही. पण मी गाफील नव्हतो, एवढं तरी लोक म्हणतील." कंदील विझला की नाही याची खात्री ते काचेला बोट लावून करीत आणि बोट भाजून घेत. कचेरीत त्यांच्याकडे नकला उतरवण्याचं काम होतं. खुनाच्या खटल्यात आरोपीचं नाव आलं की ते टाक इतका हलका चालवीत, की साहेबाला ते नाव वाचताच येत नसे. मी पहिल्यांदा आगबोटीने मुंबईला निघालो तेव्हा धक्क्यावर येऊन त्यांनी माझ्या कानात सांगितलं, "मधोमध बस. कडेचे आधी जातात."

त्यांची खरी भिस्त होती ती कौलावर. आमच्याकडे ग्रामदेवीला कौल लावतात. गुरव देवीच्या अंगाला पाण्याने कळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो. उजवीकडची कळी आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. लोक लग्नकार्याला, फार तर विहीर खणायला कौल लावतात. आतोबांनी दाढ काढण्यासाठी लावला, नव्या वहाणा घालण्यासाठी लावला, आणि एकदा तर आदल्या दिवशीचा कौल खरा धरावा की नाही यासाठी लावला. गुरव वैतागून म्हणाला, "देवीला बी इसावा लागतो, म्हाराज."

या कौलापायीच त्यांच्या एकुलत्या एका मुलीला माहेरी आणायचं राहून गेलं. कमळ दिली होती खाडीपलीकडे, वेळणेश्वरच्या अलीकडच्या एका गावात. जयगडपर्यंत मोटार, तिथून होडीने खाडी ओलांडून तवसाळला उतरायचं, आणि पुढे बैलगाडी. होडीच्या भीतीने आतोबा लग्नानंतर एकदाही लेकीच्या घरी गेले नव्हते. पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज. आणायला बाप जातो नाहीतर भाऊ, आणि कमळला भाऊ नव्हता. सातव्या महिन्यात आतोबांनी कौल लावला, तो डावी कळी पडली. पुन्हा लावला, पुन्हा डावी. आठव्यात आणत नाहीत. नववा लागला, आणि कोर्टाच्या कामाला आलेल्या तिकडच्या एका गृहस्थाने निरोप आणला, की कमळच्या पायांवर सूज आहे, तिला बरं वाटत नाही, ती बाबांची वाट बघते.

आत्याला अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंना सोडून निघता येत नव्हतं. ती स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि म्हणाली, "अहो, आज कौल लावायचा नाही. आज जायचं." मग माझ्याकडे वळून, "तू जा हो ह्यांच्याबरोबर. नाहीतर मधूनच परत फिरतील." स्वराज्य येऊन तेव्हा चार-पाच वर्षं झाली होती, मी नवा शाळामास्तर होतो आणि मला कशाचीच भीती वाटत नसे. निदान सकाळी निघताना तरी वाटत नव्हती.

उंबरा ओलांडतानाच आतोबांच्या वहाणेचा अंगठा तुटला. त्यांनी आत्याकडे पाहिलं. आत्या दार अडवून उभी होती. तेव्हा वहाणा काखोटीला मारून ते अनवाणीच निघाले. वाटेत एका चढावर मोटारीचं पाणी उकळलं. ड्रायव्हर डबा घेऊन व्हाळाकडे पाणी आणायला गेला, तेवढ्यात आतोबांनी चारी चाकांना दगड लावले आणि स्फोट झालाच तर म्हणून लांब काजूच्या आडोशाला जाऊन बसले. मोटार पुन्हा सुरू झाली, घुरघुरली, पण जागची हलेना. दगड कुणी लावले म्हणून ड्रायव्हर ओरडला, तर आतोबा शांतपणे म्हणाले, "निघताना मला विचारायचं होतंत." लोक हसले, मीही हसलो. आतोबा हसले नाहीत. ते माझ्याकडे वाकून म्हणाले, "सूज पायांवरच म्हणालान ना तो? तोंडावर नाही ना?" दिवस भरलेल्या बाईच्या तोंडावर सूज चढली तर धड नसतं, हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक.

जयगडला होडी तयार होती. ती हाकणारा तांडेल एक पिकल्या दाढीचा मुसलमान, बोलण्यात गोड. आतोबांनी काठावरूनच त्याची उलटतपासणी सुरू केली.

"ही होडी कधी बुडाली होती काय?"

"एकदा. माज्या आज्याच्या वक्ताला."

"म्हणजे बुडते."

"भटजी, आजा पोहत आला नि मंग अंशी वर्सं जगला. बसा आता, पानी वसरतंय."

शेवटी मी आणि तांडेलाने मिळून त्यांना उचलूनच आत ठेवलं. होडी मध्यावर आली आणि वारा वाढला. आतोबांनी डोळे गच्च मिटून हाताला आली ती दोरी धरली. ती नेमकी शिडाची. होडी एका अंगाला कलली आणि संथपणे स्वतःभोवती फिरू लागली. टोपलीवाल्या बायका देवाचं नाव घेऊ लागल्या. "डोळे मिटा, भटजी, खुशाल मिटा," तांडेल म्हणाला, "पन दोरी सोडा." आतोबांनी दोरी सोडली आणि माझं मनगट धरलं. ते काहीतरी पुटपुटत होते. मला वाटलं रामरक्षा असेल, पण कान दिला तर ते म्हणत होते, "तोंडावर नाही म्हणालान. पायांवरच म्हणालान."

तवसाळला ओहोटी लागली होती. चिखलातून चालताना त्यांचा पाय रुतला आणि आत्याने दिलेला हळिवाच्या लाडवांचा डबा चिखलात उघडा पडला. एरवी एवढ्या अपशकुनावर त्यांनी मला तासभर ऐकवलं असतं. त्या दिवशी त्यांनी डब्याकडे पाहिलं, आणि काही न बोलता ते पुढे चालू लागले. तेव्हा मात्र मी घाबरलो. बैलगाडीत तर ते चक्क कडेला बसले.

गावाच्या तोंडाशी एक लहानसं देऊळ आहे. त्या वर्षी पूजेची पाळी कमळच्या सासरच्यांकडे होती, हे आम्हाला ठाऊक होतं. गाडी सोडून आम्ही उतरलो, तो समोरून गुरव कळशी घेऊन येत होता. व्याही पूजेला आलेत का, असं मी विचारलं. "ते कुटले येतायत? धा दिस त्यांचा हात लागायचा नाय द्येवाला," असं म्हणून तो देवळात गेलाही.

दहा दिवस देवाला शिवायचं नाही, ते घरात जन्म झाला तरी आणि मृत्यू झाला तरी. यातलं काय झालं ते गुरव बोलला नव्हता. आतोबा देवळाच्या पायरीवर बसले. मी म्हटलं, "थांबा, विचारून येतो." त्यांनी माझा सदरा धरला.

"नको," ते म्हणाले. "विचारलं नाहीस, तोवर ती आहे तरी."

आयुष्यभर देवीला हजार गोष्टी विचारणारा हा माणूस, आणि हाकेवरच्या गुरवाला एक प्रश्न विचारवत नव्हता. कमळ माझ्या बरोबरीने वाढलेली. मी तरी कुठल्या तोंडाने विचारणार होतो? आम्ही दोघे तसेच बसून राहिलो. देवळात घंटा वाजली. मग काय झालं कोण जाणे, आतोबा एकाएकी उठले, "चल" म्हणाले आणि अनवाणी पायांनी पाखाडीच्या दगडी पायऱ्या उतरू लागले. मी मागून जवळजवळ धावत होतो.

अंगणाच्या बेड्याशी, त्या आडव्या काठ्यांच्या फाटकाशी, ते थबकले आणि नाक वर करून उभे राहिले. घरातून ओव्याशेपांच्या धुरीचा वास येत होता. ती धुरी बाळंतिणीला देतात, तिच्या बाळाला देतात; घरात कुणी गेलं असेल तर देत नाहीत. आतोबांनी तो वास एकदा घेतला, पुन्हा घेतला, आणि बेड्याच्या काठीला धरून ते लहान मुलासारखे रडू लागले.

मुलगी पहाटेच झाली होती. बाळंतिणीच्या खोलीत जायचं नव्हतं, म्हणून आतोबा उंबऱ्याशी उभे राहिले. आत अंधारात कमळ निजलेली. थकलेली, पण तोंडावर सूज नव्हती.

"बाबा, होडीतून आलात?" तिने विचारलं.

"आलो आपला," आतोबा म्हणाले, आणि पुन्हा रडू लागले. मग त्या पहिलटकरणीनेच त्यांची समजूत घातली. "मी बरी आहे हो बाबा. घाबरू नका. बसा तिथेच."

बारशापर्यंत ते त्या उंबऱ्याशी बसून होते. पुढे दरवर्षी ते खाडी ओलांडून जात. भीती काही कमी झाली नाही. तांडेल त्यांना लांबून बघितलं की शिडाची दोरी आधी आवळून घ्यायचा.

आतोबा गेले ते भर आषाढात, अंथरुणात, साध्या तापाने. पावसाळ्यात होड्या बंद असतात. कमळ मोठा वळसा घालून चिपळूणवरून आली, तोवर सगळं आटोपलं होतं. ती ओल्या लुगड्यानेच ओसरीवर बसली. खाडीला फार पाणी आहे का, असं आत्याने विचारलं, तेव्हा तिने मान डोलावली. मग म्हणाली, "बाबा असते तर म्हणाले असते, बरं झालं गो, होडीने आली नाहीस."